वास नाही

आमच्या ह्यांचं नाक दिसायला काही खास नाही. बसकंच आहे, आणि लग्न ठरताना माझ्या थोरल्या बहिणीनं त्यावरून नाक मुरडलंही होतं. पण त्याच नाकावर ह्यांनी उभी नोकरी केली. जुन्या फिल्मच्या संग्रहालयात हे तपासनीस होते. कामावर सगळे ह्यांना नाकोबा म्हणायचे, तेही तोंडावर, आणि ह्यांना ते आवडायचं.

काम काय, तर कोणी कोणी जुन्या फिल्म आणून द्यायचे. माळ्यावर सापडलेल्या, तळघरात पडलेल्या, बंद झालेल्या स्टुडिओतून उचललेल्या. प्रत्येक रीळ पत्र्याच्या गोल डब्यात. हे झाकण उघडायचे, आधी वास घ्यायचे, मग बाहेरचे चार वेढे उलगडून दिव्याच्या टेबलावर बघायचे आणि सूचीत नोंद करायचे. फिल्म कशाची, कोणी दिली, अवस्था कशी. वास आधी का, तर ही जुनी फिल्म आतून सडायला लागली की तिला व्हिनेगरसारखा आंबूस वास सुटतो. डोळ्यांना काही दिसायच्या खूप आधी सुटतो. आणि ती सड शेजारच्या चांगल्या फिल्मलाही लागते. सड ओळखायच्या कागदाच्या पट्ट्या मिळतात, डब्यात ठेवल्या की दिवसभरात रंग बदलतात. पण ह्यांचं नाक असताना दिवसभर थांबतंय कोण? पट्ट्यांचं पाकीट कपाटात न फोडता पडून होतं.

तिथला एक नियम आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मूळ फिल्म यंत्रावर चढवून बघायची नाही. आधी तिची नक्कल काढायची आणि नक्कल बघायची. नक्कल काढायचं यंत्र एकच, म्हणून रांग. रांगेत जिचा वास जास्त, तिचा नंबर आधी. दवाखान्यात जास्त आजारी माणसाला आधी आत घेतात, तसंच. ह्यांनी ‘उग्र वास’ लिहिलं की फिल्म लगेच यंत्राकडे. ‘थोडा वास’ असेल तर पुढच्या महिन्यांत कधीतरी. आणि ‘वास नाही’ लिहिलं, की ती मागे जाऊन बसली. एवढं सगळं ह्या दोन भोकांवर चाललेलं.

गेल्या हिवाळ्यात ह्यांना ताप आला. साधाच ताप, आठवड्यात उतरला. त्यानंतर एक दिवस मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते आणि मला खालून करपलेल्या दुधाचा वास आला. धावत खाली आले, तर स्वयंपाकघर धुरानं भरलेलं आणि हे पातेल्यापासून हातभर अंतरावर पाठ करून बसलेले, तोंडापुढे पेपर.

“अहो, ते नाक काय शोभेला लावलंय?” मी ओरडले.

एरवी ह्यांनी चार शब्द परत केले असते. त्या दिवशी पेपर खाली ठेवला, पातेल्याकडे बघितलं आणि म्हणाले, “अगं, येतच नाहीये मला.”

साबण नाही, रॉकेल नाही, कापूर नाही. मी घरातलं सगळं ह्यांच्या नाकाखाली धरून बघितलं. डॉक्टर म्हणाले, परत येईल, कदाचित, वाट बघा. डॉक्टरचं ‘कदाचित’ म्हणजे काय ते मला चांगलं कळतं. मी ह्यांना म्हटलं, उद्याच्या उद्या मॅडमना सांगा. मॅडम म्हणजे संग्रहालयाच्या प्रमुख. हे म्हणाले, पुढच्या आठवड्यात सांगतो. तो पुढचा आठवडा काही उगवला नाही.

“मग तुम्ही लिहिता काय तिथे?” मी एकदा विचारलं.

“जे आहे ते. वास येत नाही, तर वास नाही असं लिहितो. पण डोळ्यांनी दुप्पट बघतो हं.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हा माणूस जन्मात कधी खोटं बोललेला नाही. दुकानदारानं चुकून जास्त सुटे दिले तर उन्हातून परत द्यायला जाणारा. आणि आता खरं तेच लिहून रोज खोटं लिहीत होता. मी तसं तोंडावर म्हटलं. ह्यांनी हातातल्या पेपरची घडी घातली. मग म्हणाले, “नाकोबाचं नाक गेलं, तर राहिलं काय गं?” राग होता, पण कीवही आली.

ताप उतरून हे कामावर गेले, त्याच सुमाराला चष्मेवाली तिथे आली. बाजारात तिचं चष्म्याचं दुकान आहे, माझा चष्माही तिच्याच हातचा. तिच्या काकांच्या माळ्यावर एक डबा सापडला होता. वर तिच्या वडिलांच्या अक्षरात लिहिलेलं, ‘पोहण्याचा तलाव’. तिची आई त्या तलावावर बायकामुलांना पोहायला शिकवायची. ही वर्षाची असताना आई आजारपणात गेली. वडिलांनी दुःखात सगळे फोटो फाडून चुलीत घातले, एकही ठेवला नाही. ह्या डब्यात काय आहे हे त्यांच्या लक्षात राहिलं नसावं, म्हणून तो वाचला. माझ्या नाकावर चष्मा बसवता बसवता तिनं मला हे सांगितलं. “मला आईचा चेहरा माहीत नाही हो. आरशात शोधते, पण मी पडले वडिलांवर,” असं हसत म्हणाली. ह्यांच्या तापाआधी मीच तिला म्हटलं होतं, तो डबा आमच्या ह्यांच्याकडे द्या.

ह्यांनी डबा घेतला, वास घेतला, चार वेढे बघितले, आणि लिहिलं, ‘वास नाही’. ती मधूनमधून चौकशीला जायची. हे तिला सांगायचे, “तुमची फिल्म उत्तम आहे, काळजी करू नका. उत्तम आहे म्हणूनच नंबर लांब आहे.” ती खूश होऊन परत यायची आणि मला दुकानात बसवून पाणी द्यायची.

उन्हाळा संपता संपता संग्रहालयात आवराआवर निघाली. जागा पुरत नव्हती. ‘वास नाही’ असलेले सगळे डबे दूरच्या थंड गोदामात जाणार होते. हवाबंद पिशव्यांत घालून, मोहोर लावून. तिथून ते कित्येक वर्षं उघडायचे नाहीत. पाठवण्याआधी प्रत्येक डबा एकदा उघडून बघायचा होता, आणि हे दिवसभर तेच करत होते. ट्रक दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता.

त्या संध्याकाळी हे घरी आले, शर्ट काढून माझ्या हातात दिला आणि हातपाय धुवायला वळले. मी शर्ट बादलीत टाकणार, तोच माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

“अहो, आज काय व्हिनेगरमध्ये हात घालून बसला होतात? बाह्या केवढ्या आंबूस येताहेत!”

हे नळाखाली हात धरून उभे होते. तसेच वळले. नळ चालूच.

“काय म्हणालीस?”

“वास. बाह्यांना. उग्र आहे अगदी.”

ह्यांच्या तोंडावरचा रंग उडाला. “आज एकही खराब डबा उघडला नाही मी,” हे म्हणाले. “आज सगळे ‘वास नाही’वाले होते.”

आम्ही दोघं त्या शर्टाकडे बघत राहिलो. मी पुन्हा हुंगलं, उजवी बाही, डावी बाही. शंकाच नको. दिवसभरात उघडलेल्या डब्यांपैकी कोणीतरी सडत होतं, आणि उद्या ते पिशवीत बंद होऊन जाणार होतं. चांगल्या फिल्मच्या गळ्यात गळा घालून.

“कुठला डबा?” मी विचारलं.

“मला कसं कळणार?” हे एकदम ओरडले. लग्नापासून इतक्या मोठ्यानं ओरडलेले मी ऐकले नव्हते. मग खाली बसले, ओल्या हातांनी डोकं धरून. मी नळ बंद केला.

“त्यात चष्मेवालीचा होता का?”

ह्यांनी मान हलवली. होता.

जेवणाच्या ताटावर आमची वादावादी झाली. मी म्हटलं, सकाळी लवकर जाऊ, मी वास घेते, सापडला की त्याच्यापुढे तुम्ही ‘उग्र वास’ लिहा. झाकली मूठ सव्वा लाखाची. कोणाला कळतंय? हे घास हातात धरून ऐकत होते. म्हणाले, “आजचे तू हुंगशील. पण तापापासून मी बघितलेले बाकीचे? ते आधीच पिशव्यांत बांधून ठेवलेत. तेही उद्या जाणार.” मी ताटं उचलली.

सकाळी कोणी यायच्या आत आम्ही संग्रहालयाच्या दारात होतो. पहारेकरी ह्यांना ओळखत होता, माझ्याकडे बघून म्हणाला, “आज वहिनी पण?” हे मला घेऊन सरळ पुढे गेले. आत लांबच लांब खोली, लोखंडी कपाटं, खिडक्यांना जाड पडदे. टेबलावर कालचे डबे रचून ठेवलेले, अजून पिशव्यांत घातले नव्हते. पलीकडच्या भिंतीला आधीच बांधलेल्या पिशव्यांची रास माझ्या डोक्याच्या वर गेलेली.

हे झाकण उघडायचे, मी वाकायचे. पत्रा, धूळ, जुनं तेल. नाही. पुढचा. नाही. माझं नाक भरून आलं, की हे मला बाहेर व्हरांड्यात नेऊन उभं करायचे. मोकळ्या हवेत चार श्वास, की परत आत. घड्याळ बघायचं नाही असं मी ठरवलं होतं, आणि मी घड्याळच बघत होते. माझं एक मन म्हणत होतं, तिचा नसू दे. दुसऱ्या कोणाचाही निघू दे. असं म्हणणं बरं नाही हे कळत होतं, तरी म्हणत होते.

‘पोहण्याचा तलाव’ लिहिलेल्या डब्याचं झाकण घट्ट बसलं होतं. ह्यांनी जोर लावून ते फिरवलं. पूर्ण निघायच्या आतच माझी मान मागे गेली. घशापर्यंत जळजळलं. मला ह्यांना काही सांगावं लागलं नाही, माझा चेहरा बघूनच कळलं. तरी हे खाली वाकले, डब्याला नाक लावलं आणि दीर्घ श्वास घेतला. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण नाकाला पत्ताच नाही.

“हे काय चाललंय?”

दारात मॅडम उभ्या होत्या, त्यांच्या मागे ट्रकचे हमाल. “ह्या कोण?”

“माझी बायको,” हे म्हणाले.

“आणि इथे काय करताहेत?”

मी तोंड उघडलं. एखादी थाप माझ्या जिभेवर तयार असते, तशी होतीच. पण हे माझ्या आधी बोलले.

“वास घेतेय. मला येत नाही. हिवाळ्यातल्या तापापासून येत नाही. तेव्हापासूनची माझी एकही नोंद धरू नका, मॅडम. ट्रक थांबवा.”

मॅडमचा चेहरा मी विसरणार नाही. आधी त्यांना कळलंच नाही, मग कळलं, आणि त्यांनी त्या राशीकडे बघितलं. “हिवाळ्यापासून?” एवढंच म्हणाल्या, पण त्या एका शब्दानं माझे कान गरम झाले. हमालांना त्यांनी परत पाठवलं. कपाटातलं पट्ट्यांचं पाकीट स्वतः फोडलं. मग ह्यांच्यापुढे सूची ठेवली. तिथे लिहिलेलं कधी खोडून नाहीसं करत नाहीत. वर एकच रेघ मारायची, जुनं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी नवं, कारणासकट. ह्यांनी ‘वास नाही’वर रेघ मारली. शेजारी लिहिलं, ‘उग्र वास. आधीची नोंद चुकीची. तपासनिसाला वास येत नव्हता.’ खाली सही केली.

चष्मेवालीची फिल्म त्याच दिवशी यंत्राकडे गेली. तिथला यंत्रवाला तिला वाफेवर मऊ करत एकेक वेढा सोडवत बसला. हे त्याच्या मागे उभे. बाहेरचे वेढे सुटले. मधले सुटले, पण वेडेवाकडे. आतले, म्हणजे फिल्मच्या शेवटाचे, एकमेकांना चिकटून एक गोळा झाले होते. ओढलं तर चित्रच निघून येत होतं. यंत्रवाल्यानं हात वर केले. “हिवाळ्यात आली असती तर बहुतेक सगळी सुटली असती,” तो म्हणाला. त्याला बिचाऱ्याला काय माहीत, तो कोणाला सांगतोय.

पट्ट्यांनी आणखी काही डबे पकडले, पण ते वेळेत सापडले. ह्यांची तपासणीची खुर्ची गेली. मॅडमनी ह्यांना नकला बघून वर्णन लिहायच्या कामावर बसवलं. त्या कामाचा नियम असा, की दिसतं तेवढंच लिहायचं. बाई दिसली आणि कोणी ओळखली नसेल, तर ‘अनोळखी स्त्री’. अंदाज चालत नाही.

चष्मेवाली दुकान बंद करून आली, चांगली साडी नेसून. ह्यांनी मला मुद्दाम बरोबर नेलं होतं. मी वाटेत सांगितलं होतं, आधी दाखवा, मग सांगा, म्हणजे तिला निदान बघताना तरी सुख मिळेल. हे ऐकतील तर शपथ. ती खुर्चीवर बसली न बसली तोच म्हणाले, “बाई, आधी एक ऐका.” आणि सगळं सांगितलं. ताप, नाक, नोंद, चिकटलेला शेवट. काही गाळलं नाही.

ती पर्स मांडीवर धरून ऐकत होती. “म्हणजे मी इथे येत होते, तुम्ही उत्तम आहे म्हणत होता, तेव्हा ती सडत होती?”

“हो.”

“लावा,” ती म्हणाली.

पडद्यावर पाणी हललं. उन्हातला तलाव, काठावर ओल्या फरशा, पोरांचे पाय. मग पलीकडून एक उंच बाई चालत आली. ओले केस मागे बांधलेले, आणि तोंडासमोर धरलेलं गुबगुबीत बाळ. चालता चालता ती बाळाला वर उचलून हलवत होती. तिचा चेहरा कुठून दिसावा, मध्ये बाळाचं डोकं. माझ्या शेजारी चष्मेवाली कुजबुजली, “ती मी. बाजूला हो गं, बाजूला हो.” पडद्यावरच्या बाईनं कोणाच्या तरी हातात बाळ दिलं. तिची मान कॅमेऱ्याकडे वळायला लागली. गालाची कड दिसली, कान दिसला. आणि पडदा पांढरा झाला.

“पुढे?”

“पुढे नाही,” हे म्हणाले.

ती उठून उभी राहिली. “तुमचं नाक गेलं आणि माझी आई गेली,” ती ह्यांना म्हणाली. हळू आवाजात म्हणाली, ओरडली असती तर बरं झालं असतं. हे मान खाली घालून उभे राहिले. मला वाटलं ती निघून जाईल. पण ती परत बसली आणि म्हणाली, “पुन्हा लावा.”

तीन-चारदा लावून झाली. शेवटी तिनं अगदी शेवटचं चित्र थांबवायला सांगितलं. नुसती गालाची कड आणि कान. ती उठून पडद्याजवळ गेली. “मी दिवसभर लोकांच्या कानांवर चष्म्याच्या काड्या बसवते,” ती म्हणाली. “कान कधी दोन सारखे नसतात.” मग तिनं आपले केस मागे सारले आणि माझ्याकडे वळली. “बघा ना. आहे का तसाच?”

“अगदी तस्साच,” मी म्हटलं. अंधारात मला तिचा कान धड दिसतही नव्हता.

“तुम्ही म्हणणारच,” ती म्हणाली, आणि ह्यांच्याकडे बघितलं.

ह्यांनी आधी दिवा लावला. मूळ फिल्म टेबलावर घेतली, भिंग लावून ते शेवटचं चित्र बघितलं. मग तिच्याजवळ जाऊन तिचा कान बघितला. परत भिंग. अहो, म्हणून टाका हो एकदाचं तसाच, मी मनात ओरडत होते. कारण मला माहीत होतं, नसेल तर हा माणूस नाही म्हणेल.

“वरची कड तशी नाही,” हे म्हणाले. “तुमची जास्त दुमडलेली आहे.”

मी डोळे मिटले.

“पण खालची पाळी तीच आहे. सुटी नाही, सरळ गालाला चिकटलेली. आणि पाळीच्या वर ती खाच आहे ना, तुमची, तीही आहे. तिथेच आहे.”

चष्मेवालीनं आपली पाळी दोन बोटांत धरली. खाच बोटाला लागली असावी. तिनं तोंडावर हात घेतला आणि रडायला लागली. मी ‘तस्साच’ म्हटलं त्यावर तिनं विश्वास ठेवला नव्हता. ह्यांच्यावर ठेवला.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले. हे सूची उघडून लेखणी हातात धरून थांबले होते.

“काय लिहू?” ह्यांनी विचारलं. “ओळख पटली नसेल तर ‘अनोळखी स्त्री’ लिहायचा नियम आहे.”

“पटली,” ती म्हणाली. “लिहा. कानावरून पटली.”

ह्यांनी तसंच लिहिलं.